माधवनगरच्या अंगणात ड्रायव्हिंगचे बूट

आता काय सांगू तुम्हाला, बुटापायी कुणी इज्जत घालवतं का? मी घालवली. तीही भाच्याचं लग्न जुळवायला गेलो असताना!

ते ड्रायव्हिंगचे बूट बघितलेत का तुम्ही? मऊ चामड्याचे, तळाला रबराचे बारके बारके गोळे. त्यानं म्हणे ब्रेकवरून पाय घसरत नाही. आमचा पुण्याचा मेहुणा पहिल्यांदा ते घालून आला, तेव्हा मी आमच्या वडूज गावभर त्याची टिंगल केली. "हे काय बूट हायत? पायात पिशव्या घातल्यात, पिशव्या!" बाजारात तेच, लग्नात तेच, मयतीला तेच! अरे, तिथं कसला ब्रेक दाबतोस?

मग एकदा तो झोपला असताना गुपचूप घालून बघितले. लय मऊ! लोण्यात पाय! आठवड्यात मीही आणले. आता दुकानात तेच, रानात तेच. सहा वर्षं झाली, हा तिसरा जोड.

तर भाचा सागर, त्याचे आईवडील आणि मी माधवनगरला मुलगी बघायला गेलो. सगळे आत गेले. मी मागं राहिलो, कारण बुटांवर धूळ बसलेली. गाडीतलं फडकं काढलं आणि लागलो पुसायला. मुलीचे आजोबा बाहेर आले.

"बूट झ्याक हायत की!"

"ड्रायव्हिंगचे हायत," मी ऐटीत.

"व्हय? मग बस की हितं सावलीला."

बाज आली, पोहे आले, वर लाडू. मला वाटलं, मामाचा मान! मी ऐसपैस बसलो. आजोबा जवळ सरकले.

"खरं सांग गड्या, मानसं कशी हायत?"

"कुठली?"

"तुजं मालक."

मालक? तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबा हळूच म्हणाले, "पोरगा बरा वाटतोय. पर त्येचा मामा लय शिष्ट हाय म्हंत्यात. खरं का?"

आता कोणत्या तोंडानं सांगू, मीच तो?

"छे! मामा तर देवमाणूस," मी म्हणालो.

"तू म्हननारच. पगार खातोस त्यांचा."

इतक्यात गल्लीत उसाचा ट्रॅक्टर आला, आमच्या गाडीमागं अडकला आणि हॉर्न वाजवायला लागला.

"ड्रायव्हर, गाडी काढ!" आजोबा म्हणाले.

मी फडक्याची घडी घालायला लागलो. ट्रॅक्टर बोंबलतोय. शेवटी पुटपुटलो, "मला गाडी येत न्हाई."

"आँ? मग आनली कुनी?"

"नवऱ्या मुलानं."

आजोबा उठून दारात गेले आणि ओरडले, "आवं, ऐकलं का! ह्यांचा ड्रायव्हर मागं बसून आलाय, आन् गाडी नवरदेव चालवतोय!"

आत मुलगी खुदकन हसली. सागर धावत बाहेर आला. "मामा, सरका, मी घेतो गाडी."

मामा! आजोबांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, एकदा बुटांकडं. मला धरणी पोटात घेईना.

लग्न जुळलं. निघताना आजोबांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "मामा, राग मानू नगा. ड्रायव्हर म्हनून तुमी लय आवडला हुता."