सोमवारपुरती गोळी

वस्तीत सगळे तिला प्रेशरताई म्हणत. पूर्वी ती कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "यांचं ब्लडप्रेशर कधी तपासलंच नाही?" तो प्रश्न तिच्या जिव्हारी लागला. तिने शिलाई सोडली, आरोग्य केंद्रात प्रशिक्षण घेतलं आणि दर सोमवारी प्रेशर मोजायचं मशीन खांद्याला अडकवून चिंचोळे जिने चढू लागली. सुरुवातीला लोक तोंडावर दार लोटत. आता तिच्या गल्लीचे आकडे इतके छान येत, की केंद्रातल्या मोठ्या बाई सगळ्यांना तिचंच उदाहरण देत.

तिचा सर्वांत जास्त जीव होता ड्रायव्हरकाकांवर. त्यांची बस कंपनीची वैद्यकीय तपासणी जवळ आली होती. प्रेशर चढलेलं निघालं, तर स्टिअरिंग कायमचं सुटणार. डेपोत टेबलामागे बसायचं म्हणजे काकांना जन्मठेपच! पण दर सोमवारी त्यांचा आकडा झकास यायचा, त्यामुळे ताई निर्धास्त होती.

एका सोमवारी केंद्रात बैठक निघाली, म्हणून ती गुरुवारी गेली. काकांच्या दंडाला पट्टा बांधला, तर आकडा भलताच चढलेला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. उतरायचं नाव नाही.

"काका, गोळी घेतली?"

काका छताकडे बघू लागले.

"सांगा की आता!" काकू फणकारल्या. "एरवी बसभर तोंड चालतं!"

"अगं, शनिवारपासून गोळ्या सुरू करतो," काका पुटपुटले. "सोमवारी तू येऊन गेलीस की बंद. आकडा वाईट आला तर वरचे तुला झापतील. आपल्या पोरीला कुणी बोललेलं खपेल का? अख्खी गल्ली तसंच करते."

"अख्खी गल्ली?" ताई मटकन पलंगावर बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. "काका, तुम्ही ब्रेक कधी दाबता? चेकर दिसला की?"

"वेडी की काय! माणसं असतात गाडीत."

"आणि घरात?"

काकांनी काकूंकडे पाहिलं आणि गोळ्यांचं पाकीट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी ताईने मोठ्या बाईंना सगळं खरं सांगितलं आणि ठरलेला वार मोडला. कधी मंगळवारी सकाळी, कधी रविवारी भर दुपारी ती दारात उभी राहू लागली. गल्लीचे आकडे धडाधड बिघडले. "काय गं, आदर्श गल्ली पार आपटली की!" केंद्रातल्या मैत्रिणींनी टोमणे मारले. ती जिने चढतच राहिली. इकडे काकूंनी काकांच्या युनिफॉर्मचा शर्ट ताब्यात घेतला. गोळी पोटात गेल्याशिवाय शर्ट मिळायचा नाही! बघता बघता ही युक्ती घरोघर पोचली. कुणी चपला अडवल्या, कुणी चहा. आकडे हळूहळू उतरू लागले, आणि या वेळी खरेखुरे उतरले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी काकांचं प्रेशर मोजलं, कपाळाला आठ्या घालून जुने कागद चाळले, पुन्हा मोजलं आणि सही ठोकली: गाडी चालवण्यास पात्र.

दुसऱ्या दिवशी ताई रस्ता ओलांडत होती, तोच लांबलचक हॉर्न वाजला. काका बस थांबवून खिडकीतून दोन्ही हात हलवत होते.

"हात स्टिअरिंगवर!" ताई ओरडली. "आणि गोळी?"

"घेतली! नाहीतर उघडाच आलो असतो!"

सगळी बस खो खो हसली. मागच्या गाड्या बोंबलत होत्या. तरी काकांनी ताईला आधी रस्ता ओलांडू दिला आणि मगच, राजाच्या थाटात, बस हलवली.