बहिणीसाठी गाडीभर निवडुंग

निवडुंगाची गाडी भरून कोणी पाहुण्याकडे जातं का? आम्ही गेलो होतो. निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, माझं नुकतंच लग्न झालं होतं. उमापूरच्या आत्याचा निरोप आला, की तिच्या बांधावरचं निवडुंगाचं कुंपण पांढऱ्या किडीनं खाऊन टाकलं. ती लग्न होऊन सासरी जाताना आजीनं तिला केजच्या आमच्या बांधावरचे फड, म्हणजे निवडुंगाची जाड काटेरी पानं, तोडून दिले होते, त्यांचं ते कुंपण. "तसलेच फड घिऊन ये, आन् औंदा तरी चार दिस राहा," असं तिनं कळवलं होतं.

आत्या माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. आबांचा पानमळा होता आणि मळ्यापायी तिच्याकडे एक रात्र राहायचं म्हटलं तरी ते डोंगर कोसळल्यासारखे वागत. फड टाकायचे आणि दुसऱ्या सकाळी निघायचं, हे त्यांनी बैल जुंपायच्या आधीच सांगून टाकलं.

चैत्रातलं ऊन होतं. या वाटेनं कोणी जाणार असेल तर चैत्र टाळा. नेकनूरला विहिरीवर धपाटे खाल्ले, शेंगदाण्याची चटणी होती. आबांनी मात्र आधी फडांवर पाणी मारलं, मग तोंड धुतलं. आमची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळूनच बाजाराला जात, तेव्हा हिरवं ते ओलं ठेवायचं हे आबांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. मांजरसुंब्याच्या घाटात बैलांना विसावा दिला, तिथंही पाणी. "वाळून गेले तर अक्काला काय दाखवू?" ते म्हणाले. माझ्या सदऱ्यात कुसळं शिरली होती आणि मी बैलांपेक्षा जास्त कुरकुरत होतो.

बीडला नाक्यावरच्या शिपायानं गोणपाट उचलून पाहिलं.

"ये क्या ले जा रै मियाँ?"

"बहिणीला देयाला चाललोय."

"बहन से दुश्मनी है क्या?"

आबा या प्रश्नावर गेवराईपर्यंत मधूनमधून हसत होते. बीडची सराय स्वस्त होती, ढेकूण फुकट होते. गेवराई सोडली तेव्हा गाडीतून आंबूस वास यायला लागला. मला वाटलं, चटणी नासली.

आत्या वेशीपर्यंत सामोरी आली. घरी पोचल्यावर तिनं गोणपाट काढलं, तर खालचे फड लिबलिबीत झालेले, बोट लावलं की पाणी सुटत होतं. आबांचा चेहरा पाहवत नव्हता.

"अक्का, म्या लई जपून आणले गं."

"जपलास म्हणून तर कुजले, किस्ना. ही तुझी पानं न्हाईत. ह्यांना तहान लागत न्हाई."

तिनं विळा घेतला. सडका भाग कापला, चुलीतली राख काढून प्रत्येक कापावर चोळली आणि उरलेले फड लिंबाच्या सावलीत सुटे मांडले. जुनं कुंपण तिनं किडीसकट आधीच जाळलं होतं.

"जखम सुकल्याबिगर मातीत घालायचं न्हाई. आठ दिस लागतील."

"मग तू लाव. मी निघतो."

"आन् फिरून कुजले तर? आईचं झाड हाय. तुझ्याच हातानं लाव."

आबा मुकाट्यानं राहिले. पहिले दोन दिवस ते मळ्याच्या काळजीत अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग हळूहळू पाय पसरून बसायला लागले. लहानपणी निवडुंगाची लाल बोंडं खाऊन कोणाचं तोंड जास्त रंगलं आणि आजीनं आधी कोणाला बडवलं, यावरून दोघं रोज भांडत. आत्या त्यांना पोरासारखं दटावून वाढायची, आणि मळ्यावर सगळ्यांना धाकात ठेवणारे आबा निमूट जेवायचे. वडील कोणाचे तरी धाकटे असतात, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. मला ते फार आवडलं.

ठरल्या दिवशी आबांनी फड लावले. थोडे तिरपे, बुडखा तेवढा मातीत, आणि पाण्याचा थेंब नाही. त्यांचा हात घागरीकडे गेला होता, आत्यानं घागर उचलून घरात नेली.

निघताना आबा बैल जुंपत होते. आत्यानं धपाट्यांची शिदोरी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "तिसऱ्या दिशीच सुकलते रे ते. त्याला सांगू नगंस."

मी परतीच्या वाटेवर काही बोललो नाही. पावसाळ्यानंतर उमापूरचा माणूस भेटला, म्हणाला, कुंपणाला नवे फड फुटले. आबा ते मळ्यावर येईल त्याला सांगत राहिले, आणि वर शिकवणही देत, "आठ दिस थांबावं लागतं बाबा. आमी थांबलतो."

पुन्हा त्यांचं उमापूरला राहणं झालं नाही. आता दोघंही नाहीत. केजला आमच्या बांधावरचे फड मागायला अजून कोणी ना कोणी येतं. किती दिवस सुकवायचे म्हणून विचारतं. मी आठच सांगतो.