आईच्या जागेवर वर्षभर

"मॅडम, शंभरावर गैरहजेऱ्या आहेत. तारीखवार लिहिल्यात," म्हणत हरेशने माझ्या गिरगावच्या ऑफिसात टेबलावर वही ठेवली. इतक्या निष्ठेने त्याने शाळेत अभ्यास केला असता, तर असा अशील माझ्या वाट्याला आला नसता.

गैरहजेऱ्या त्याच्या सख्ख्या बहिणीच्या होत्या, मंदाच्या. त्यांची आई वरळी कोळीवाड्यातली. जन्मभर बाजारात एकाच जागेवर बसून मासे विकले. मृत्युपत्रात तिने लिहिलं होतं: 'मुलगी मंदा माझ्या मागे वर्षभर माझ्या जागेवर बसून धंदा करील, तर घर तिला. नाही बसली, तर हरेशला.'

मंदा एका दवाखान्यात रिसेप्शनिस्ट. तिने दुपारची ड्युटी मागून घेतली, पगार कमी करून घेतला आणि पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणून बाजारात बसू लागली. हरेशनेही हातपाय हलवले. वही विकत आणली.

कायद्यात अशा अटी साधारण दोन प्रकारच्या. एक, पाळली तर मिळणार. दुसरी, मोडली तर मिळालेलं जाणार. पहिल्या प्रकारात अट बहुतांशी पाळली, तरी कोर्ट चालवून घेतं. मंदाची अट पहिल्या प्रकारातली, हे मला ठाऊक होतं. पण वकीलपत्रावर सही झाली की वकिलाच्या शंका आपोआप मिटतात.

"युअर ऑनर, वर्षभर म्हणजे वर्षभर," मी ठणकावलं.

"म्हणजे एक दिवससुद्धा सुट्टी नाही?" जजसाहेबांनी विचारलं.

"मृत्युपत्रात सुट्टीची तरतूद नाही." स्वतःवरच खूश होऊन मी खाली बसले.

मग हरेशची उलटतपासणी. मंदाचे वकील दादरचे, शांत गृहस्थ. त्यांनी वही चाळली.

"या सगळ्या तारखा सोमवार, गुरुवार, शनिवारच्याच कशा?"

"त्या दिवशी ती बसलीच नाय!"

"आई बसायची?"

हरेश हसला. वकिलाच्या अज्ञानाची कीव आली असावी. "सोमवारी मासे कोण घेतं, साहेब? लोकांचे उपास असतात."

स्टेनोने मान खाली घातली. मी पेन शोधू लागले. ते हातातच होतं.

"बाकीच्या दिवशी मंदाला बसलेली तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"मग! रविवारची सुरमई आम्ही तिच्याकडनंच घेतो. बाकीच्या बायका शिळी देतात."

इतकी प्रामाणिक साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. दुर्दैवाने ती माझ्याच साक्षीदाराची होती.

निकालात कोर्टाने म्हटलं, एकेक शब्द सुटा काढून ताणायचा नसतो. सगळं मृत्युपत्र आणि लिहिणारीचं आयुष्य बघून हेतू ठरवायचा. आपली जागा मोडू नये, हा आईचा हेतू. आई जशी बसायची, तशी मुलगी बसली. अट पाळली गेली. घर मंदाचं.

कॉरिडॉरमध्ये मंदा हरेशसमोर येऊन उभी राहिली. बर्फात काम करून तिची बोटं चिरली होती.

"रोज मोजायला यायचास. एकदा माशांची पाटी उचलायला हात लावायचास ना रे."

ती गेल्यावर हरेश मला म्हणाला, "मॅडम, अपील करूया."

"कारण काय लिहू?"

"ते तुम्ही बघा. वकील तुम्ही आहात."

अपील केलं नाही. एक गोष्ट मात्र शिकले. अट घालणारीचा हेतू कोर्टाला कागदपत्रांतून शोधावा लागतो. अट मोडली म्हणणाऱ्याचा शोधावा लागत नाही. तो वकिलासकट समोर उभा असतो.