पेट्रोलनं धुतलेला शॉकप

तुळजापुरातून सोलापूरकडं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान लागतं. पाटीवर ‘बिराप्पा सायकल वर्क्स’ आणि त्याखाली, मागाहून वेगळ्या रंगात, ‘शॉकप स्पेशालिस्ट’. शॉकप म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारे ते दोन नळे, खड्डा आला की दबणारे आणि लगेच वर येणारे. डोंगरात पळवायच्या सायकलीचे हे नळे उघडायला जिल्ह्यात दुसरं कुणी धजावत नाही. बिराप्पा ही गोष्ट स्वतः सांगत नाही. पण कुणी सांगू लागलं तर त्याला थांबवतही नाही.

मूळचा तो मोटारसायकलींचा मिस्त्री. तीस वर्षांत त्यानं एकच धर्म पाळला: जे उघडलं ते पेट्रोलनं धुवायचं. बाकीचे फडक्यानं पुसून मोकळे होतात, याचा त्याला मनापासून राग. सायकलचा शॉकप आला की तो आधी हवा सोडायचा, खालचे बोल्ट ढिले करून लाकडी हातोडीनं दोन हलके ठोके द्यायचा आणि नळे अलगद ओढून काढायचा. आतल्या रबरी कड्या, स्पंजाच्या कड्या, सगळं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीत पेट्रोलमध्ये दुपारभर बुडवून ठेवायचा. सामानासोबत इंग्रजी कागद यायचा, तो हात पुसायला बरा पडे.

गेल्या वर्षी तामलवाडीच्या चैतालीची सायकल त्यानं अशीच धुऊन दिली होती. पोरगी बी.ए.ला, धाराशिवच्या इंद्रजित सरांकडं सराव करणारी, आणि राज्याच्या सायकल संघाच्या निवडीला दोन आठवडे उरलेले. निवडीच्या दिवशी मुरमाड उतरणीवर हँडलनं असा झटका दिला की ती आडवीच झाली. शॉकप अडकतो, असं ती सरांना म्हणाली. सर म्हणाले, तू उतरणीला भितेस आणि ब्रेक आवळतेस. मग ती बिराप्पाकडं आली. त्यानं उभ्या उभ्या हँडल दोनदा दाबलं आणि गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. माणसाला एकच गोष्ट दोन जाणत्यांनी सांगितली की ती खरी वाटायला लागते. यंदा तिनं निवडीला नावच दिलं नाही.

मंगळवारी देवीची गर्दी म्हणून ती बुधवारी आली. सोलापूरचा एकजण रविवारी सायकल विकत न्यायला येणार आहे, तेवढी नीट करून ठेवा, एवढंच म्हणाली आणि बस गाठायला गेली.

बिराप्पानं शॉकप उघडला. स्पंजाच्या कड्यांचा पार भुगा झाला होता. रबरी कडी नळ्यावरून सरकता सरकेना. नव्या कडीशेजारी धरून पाहिली, तर जुनी जाड. रबर झिजून बारीक होतं. हे जाड कसं झालं? त्याला कोडं पडलं. हात पुसायला कागद उचलला आणि तो तसाच थांबला. कागदावर पेट्रोलच्या डब्याचं चित्र होतं आणि त्याच्यावर तांबडी फुली. एवढं वाचायला इंग्रजी लागत नव्हतं.

तरी चित्रावर विश्वास ठेवणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं एक कोरी कडी पेट्रोलमध्ये टाकली आणि नेहमीसारखी दुपारभर ठेवली. संध्याकाळी ती बाहेर काढून तिच्या खाचेत बसवायला गेला, तर बसेना. बिराप्पा स्टुलावर बसला. नव्या कड्या घालाव्यात, हवा भरावी आणि गप सायकल देऊन टाकावी, कुणाला काही कळणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. आला तो चांगला अर्धा तास ठाण मांडून बसला. अख्ख्या जिल्ह्यातल्या सायकली त्याच्या नावावर येत होत्या आणि नावापलीकडं त्याच्याकडं फारसं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चैताली आली. त्यानं नव्या कड्या घातलेल्या चकचकीत नळ्याला सुताचा दोरा बांधला आणि तिला सायकलीवर बसवलं. तिच्या वजनानं दोरा जेवढा सरकला, त्यावरून पंपानं हवा कमीजास्त केली. तिनं हँडल दाबलं. नळा लोण्यासारखा आत गेला आणि वर आला. घेणारा खूश होईल, असं ती म्हणाली.

“पोरी, तू सांगत हुतीस ते खरं हुतं,” बिराप्पा म्हणाला. “शॉकप अडकत हुता. म्याच बिगडवला. पेट्रोलनं रबर फुगतं, मला ठाव नव्हतं. वरून तुलाच हसलो.”

तिनं हँडल पुन्हा एकदा दाबून बघितलं.

“म्हंजे मी भीत नव्हते?”

“न्हाय.”

तिचे डोळे भरले, पण आवाज कोरडा होता. “मग हे सरांना सांगा. फोनवर न्हाय. मैदानात येऊन, सगळ्यांच्या पुढं.”

त्याला माहीत होतं की त्या मैदानातली निम्मी पोरं त्याचीच गिऱ्हाइकं. तरी शनिवारी सकाळी तो एसटीनं धाराशिवला गेला. चौदा सायकली उभ्या होत्या, त्यातल्या आठ त्यानं धुतलेल्या. काही आडपडदा न ठेवता त्यानं सगळं सांगितलं. पोरं एकेक करून आपापलं हँडल दाबून बघू लागली. आठही सायकली सामानाचा एक पैसा न घेता नीट करून देतो, असं तो म्हणाला.

इंद्रजित सरांनी खिशातून यादी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि चैतालीकडं न बघता म्हणाले की नाव द्यायला अजून दोन दिवस आहेत, लिहितो.

“लिहा,” चैताली म्हणाली. “आन गेलं वरीस?”

सर खाली बघून यादीत तिचं नाव लिहू लागले.