डांबराचा अंगठा

हॉलंडमधल्या एंकहाउझन बंदरात हिलेगोंडच्या घराइतकं लख्ख घर नव्हतं आणि तिच्या नवऱ्याइतकी बोलणी खाणारा नवराही नव्हता. हार्मेन गोदीत जहाजांना डांबर लावायचा. संध्याकाळी तो आला की ही बादली घेऊन दारात उभी. "आधी हात धू, मग माणसांत ये!" तरी एकदा त्याने हेरिंग मासे धरणाऱ्या जहाजाचं छापील चित्र आणून भिंतीवर टाचलंच आणि टाचता टाचता कोपऱ्यात डांबराचा अंगठा उमटवला. आठवडाभर तिने त्याच्याशी अबोला धरला.

हार्मेन गेला आणि तोच डाग तिला जिवापाड प्रिय झाला. पण हाताची सवय कुठे जाते? एका शनिवारी भिंत पुसताना ओलं फडकं चित्रावरही फिरलं. जुना कागद, लगदाच झाला. हिलेगोंड तिथेच फतकल मारून रडली.

शेजारी लेंडर्ट चित्रकार राहायचा. भिंतीवर टाचलेले छापील कागद तो रंगाने इतके हुबेहूब काढायचा की लोक टाचणी उपटायला जात. हिलेगोंड त्याची भरपूर टिंगल करायची. "बाजारात ढिगाने मिळणारा कागद रंगवत बसतोस? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!"

आता तीच त्याच्या दारात उभी राहिली.

"अगं मावशी, ते जहाज अजून मिळतं की बाजारात. दुसरं आण."

"त्याच्यावर माझ्या हार्मेनचा अंगठा असेल का रे?"

 त्या चित्रासमोर बसून लेंडर्टने कितीदा तरी तिच्या हातचं वाटाण्याचं सार ओरपलं होतं. त्याने लाकडाची फळी आणि तैलरंग घेतले आणि कामाला लागला. ती त्याच्या डोक्याशी उभीच.

"डाग खाली घे. अजून मोठा! हार्मेन काय तान्हं बाळ होता?"

"मावशी, चित्र मी काढतोय ना?"

"पण डाग माझा आहे!"

रंग चांगला वाळल्यावर चित्र जुन्या जागी लागलं. पहिल्याच शनिवारी फडकं पुन्हा त्याच्यावरून फिरलं.  भीतभीत हिलेगोंडने वर पाहिलं. जहाज, टाचणी, वळलेला कोपरा, सगळं शाबूत होतं. तिने डांबराच्या अंगठ्यावर फडकं घासून पाहिलं, मग आणखी जोराने घासलं, आणि एकदम खो खो हसत सुटली.

"अरे हार्मेन, हट्टी माणसा, शेवटी जिंकलास हो!"

तेव्हापासून शनिवारची सफाई ती त्या डागापासून सुरू करते, चांगला जोर लावून.