बिब्ब्याची सुई

माझा थोरला दीड महिन्याचा असताना रोज दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. ओवा झाला, हिंग झाला, वावडिंग झालं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला, आणि साखरखेर्ड्याहून दवाखाना गाठायचा म्हणजे बैलगाडीनं अख्खा दिवस मोडायचा. शेवटी सासूबाईंनी गल्लीतल्या म्हातारीला बोलावलं. लेकरांच्या पोटदुखीवर ती बेंबीभोवती ठिपके द्यायची. बिब्ब्यात सुई खुपसून दिव्यावर धरायची आणि तेल सुटलं की टोक टेकवायचं.

मला ते नको होतं. पण सोळा वर्षांच्या सुनेचं ‘नको’ विचारतो कोण?

"आधी मायले, मंग लेकराले," म्हणत म्हातारीनं माझं मनगट ओढलं आणि सुई टेकवली. आग मस्तकात गेली. पण सासूबाई समोर बसलेल्या. माहेरी बजावलं होतं, सासरी हूं की चूं करायचं नाही. मला वाटलं, ही माझीच परीक्षा चाललीय. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

"माही सून लय सोशीक हाय," सासूबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तेवढ्यात म्हातारीनं पोराच्या पोटावर चार ठिपके दिलेही.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. चारही जागी टपोरे फोड आले, अंगात ताप भरला. खोबरेल लावून लावून आम्ही थकलो. म्हातारी धावत आली, फोड पाहून माझ्याकडं वळली.

"काऊन वं बाई, तुले चटका लागला नव्हता? मायनं हात झटकला का मी सुई निवू देतो. त्याच्यासाठीच तर आधी मायले लावतो!"

तेव्हा मला सगळं कळलं. सासूबाई माझ्याकडंच बघत होत्या. कालचं कौतुक अजून ताजं होतं.

"नाही लागला," मनगटावरचा फोड पदराखाली झाकत मी म्हटलं.

म्हातारी आपल्या हाताकडं बघत राहिली. "मंग माह्या हातालेच समजून नाही राह्यलं आता."

तीन महिन्यांचा झाल्यावर पोराचं रडणं आपोआप थांबलं, तशी सगळीच पोरं थांबतात. म्हातारीनं मात्र पुन्हा कुणाच्या लेकराला सुई लावली नाही. गावातल्या पोरांचं त्यात भलंच झालं म्हणा. पुढं ती बरीच वर्षं जगली. येता-जाता माझ्या लेकाला जवळ घ्यायची, त्याचा सदरा वर करून ते डाग बघायची आणि माझी माफी मागायची. मी दर वेळी म्हणायची, "जाऊ द्या, मावशी."