मामांचं काळं पितळ

निर्जीव वस्तूशी गोड आणि जित्याजागत्या माणसाशी कडू बोलण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडला नसता. मामा भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवून निवृत्त झाले आणि ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरात एकोणिसाव्या शतकातली, कोटाच्या खिशात मावतील अशी छोटी रिव्हॉल्व्हरं जमवत बसले. एकूण एकवीस. गोळी एकातूनही कधी झाडली नाही, कारण मामांना दिवाळीतल्या लवंगी फटाक्याचीसुद्धा भीती वाटे. पाहुण्यांना चहाच्या आधी पांढरे सुती हातमोजे मिळत. "हे एका जुगाऱ्याच्या वेस्टकोटात होतं," ते कुजबुजत. पुरावा विचारला की चहा लवकर आवरता घ्यावा लागे. पाकिटात मुलांच्या जागी एका पितळी रिव्हॉल्व्हरचा फोटो असायचा. २००२ साली विमानतळावर तो सापडला तेव्हा अधिकारी म्हणाला पिस्तूल, मामांनी त्याची चूक सुधारली, आणि त्या चौकशीपायी मामींचं भाच्याच्या लग्नाचं विमान चुकलं. घरी येऊन मामा म्हणाले, "बेसिक डिफरन्स कळत नाही या लोकांना." लग्नाबद्दल चकार शब्द नाही.

मामी मात्र त्या कपाटाकडे सवतीकडे बघावं तसं न बघता घरातल्या हट्टी मुलाकडे बघावं तसं बघत. त्यांच्या वडिलांचं नागपूरला लेथचं वर्कशॉप होतं, आणि खंडेनवमीला तिथला पाना न् पाना लखलखीत होऊन पाटावर बसे. २००५ सालच्या खंडेनवमीला मामा टूसानच्या जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनाला गेले होते आणि आम्ही मामींकडे जेवायला. "घरात एवढी शस्त्रं आणि पूजा नाही, बरं दिसतं का?" म्हणत मामींनी किल्ली शोधली आणि ते फोटोतलं लाडकं पितळी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. काळं पडलेलं पितळ बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी ते चिंचेनं घासलं, समईसारखं उजळवलं, हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. चिंच मी भिजवून दिली होती.

संध्याकाळी मामा आले. हातमोजे घालून त्यांनी ते उलटंपालटं केलं.

"दीडशे वर्षांचा रंग होता. धुऊन टाकलास," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मामींशी बोलणं बंद केलं. मी तिथंच उभा होतो. चिंच मी भिजवली होती, हे तोंडून निघालं नाही.

नंतर मला फोन येऊ लागले. "जावईबापू, तुमच्या मामींना सांगा, दूध संपलंय." मामी त्यांच्यासमोरच भाजी चिरत असायच्या. मी मामींच्या मोबाइलवर निरोप द्यायचो. "त्यांना सांगा, फ्रीजच्या मागच्या बाजूला आहे," मामी हसून म्हणायच्या. पुढे पुढे हसेनाशा झाल्या. आठ महिने हे चाललं. शेवटचा निरोप मामींचा होता, "त्यांना सांगा, उद्या नऊला माझं चेकअप आहे." चेकअपनंतर चार दिवसांनी मामी गेल्या. मला मामांचा इतका राग आला होता, की दहाव्यानंतर मी त्या घरी पाऊल टाकलं नाही.

पुढच्या नवरात्रात त्यांचा फोन आला. "जावईबापू, चिंच किती वेळ भिजवतात?"

"कशाला, मामा?"

"ते पितळ परत काळं पडायला लागलंय."

त्यांना टोचेल असं बरंच काही मी वर्षभर मनात साठवलं होतं. त्यातलं काहीच वापरता आलं नाही. "अर्धा तास, कोमट पाण्यात," मी म्हणालो. "त्या दिवशी मीच भिजवली होती."

मामांनी विचारलं, "तिनं हातमोजे घातले होते?"

"नाही. हातानंच घासलं."

"या उद्या. मला चिंच कोळता येत नाही."

मी गेलो. मामा उघड्या बोटांनी घासत बसले, नखांत चिंच गेली तरी थांबले नाहीत. "इथं कोपऱ्यात तुझा हात पोचला नव्हता बघ," ते मधेच म्हणाले. मी मान वर केली. मामा माझ्याशी बोलत नव्हते. आता निरोप पोचवायला त्यांना माझी गरज उरली नव्हती.